कॅलिको का ओस पडले?

लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे जाताना मोहावी वाळवंटात बार्स्टो शहराच्या पुढे येर्मो हे लहानसे गाव लागते. तिथे 'पेगी स्यूज' नावाचे जुन्या थाटाचे हॉटेल आहे. 1950 च्या दशकातली अमेरिका तिथे हौसेने मांडून ठेवली आहे: बर्गर, मिल्कशेक, ज्यूकबॉक्स, एल्विसच्या तसबिरी. तिथून जवळच डोंगराच्या कुशीत कॅलिको हे ओसाड गाव आहे. दोन्ही पाहून एका दिवसात परतता येते, म्हणून सहलीला जाणारे पुष्कळ.

दोन्ही ठिकाणी भूतकाळ पाहायला मिळतो, पण निवडून ठेवलेला. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक हॉटेलांत काळ्या माणसाला बसू दिले जात नसे. त्यांना प्रवासात कुठे जेवता-राहता येईल हे सांगणारे 'ग्रीन बुक' 1936 पासून निघत होते. 1960 साली ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि मागणी नाकारली गेली तरी उठले नाहीत. अशा सजावटीत ही आठवण सहसा नसते.

कॅलिकोची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. 1881 मध्ये तिथे चांदी सापडली. पाहता पाहता गाव वसले, डोंगरात शेकडो खाणी खोदल्या गेल्या. मग चांदीचा भाव पडला आणि लोक निघून गेले. 1951 साली वॉल्टर नॉट यांनी गाव विकत घेऊन बरीचशी घरे पुन्हा उभारली आणि 1966 मध्ये ते सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकले.

पण चांदीचा भाव पडला तो का? त्याचे एक उत्तर आपल्या मुंबईत आहे.

शेरशाह सूरीच्या काळापासून चालत आलेला आपला रुपया चांदीचा होता. कंपनी सरकारने 1835 मध्ये त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठरवले. कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, ठरलेला खर्च द्यावा आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचे फार मोठे गिऱ्हाईक होते.

युरोपातील देश सोन्याच्या चलनाकडे वळल्यापासून चांदी उतरत होती आणि तिच्याबरोबर रुपयाही. लंडनला द्यायचा खर्च पौंडात होता, म्हणून सरकारला तो दरवर्षी जड जाऊ लागला. अखेर 26 जून 1893 रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. काही दिवसांतच जगभर चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनेही सरकारी चांदीखरेदी थांबवली. एवढे दोन धक्के कॅलिकोच्या खाणींना पेलण्यासारखे नव्हते.

खाणकामगार दुसऱ्या खाणीकडे, दुसऱ्या गावाकडे गेला. आपल्या शेतकऱ्याला तसे जाता येत नव्हते. त्याची बचत बायकोच्या अंगावर होती: वाळे, तोडे, गोठ, कमरपट्टा. त्यात हिंदू-मुसलमान असा फरक नव्हता. पूर्वी तोळाभर चांदीची किंमत रुपयाच्या जवळपास असे. आता रुपयाचा भाव सरकारने धरून ठेवला आणि दागिन्यातल्या चांदीचा मात्र उतरत गेला. 1896-97 च्या दुष्काळात तेच दागिने सावकाराकडे आणि सराफाकडे गेले, तेव्हा तोळ्याला रुपया मिळत नव्हता.

कॅलिकोत लाकडी घरे उभी केली आहेत, तिथे तिकीट काढून जाता येते. त्याच निर्णयाने आपल्याकडे घराघरांतली बचत आटली. तिचे स्मारक कुठेच नाही, म्हणून ती निदान लिहून ठेवली पाहिजे.