ऑक्सिजन मशीन घ्यायची की बायपॅप? आधी श्वासाचा बिघाड कुठे आहे ते समजून घ्या

आमच्या बीबी (ता. लोणार, जि. बुलडाणा) गावात मोबाईल, इन्व्हर्टर, सोलर यातलं काही अडलं की लोक मला विचारतात. कोरोनानंतर त्यात एका प्रश्नाची भर पडली: "भाऊ, बाबांना दम लागतो. ऑनलाइन ऑक्सिजन मशीन दिसते, मागवू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. डॉक्टरांनी सांगितली नसेल तर मागवू नका. श्वासाच्या प्रत्येक त्रासावर ऑक्सिजन हा इलाज नाही, आणि काही आजारांत तर नुसता ऑक्सिजन खरा धोका लपवतो. ते कसं, हे या लेखात पाहू.

मोटर आणि ठिबक

विहिरीवरची मोटर आणि शेतातलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. झाडाला पाणी मिळत नसेल तर दोन कारणं असू शकतात: मोटर दाब देत नाही, किंवा ठिबक चोक झालंय. श्वासाचंही तसंच आहे. छातीखालचा पडदा, बरगड्यांचे स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा ही झाली मोटर. फुफ्फुसातल्या नळ्या आणि वायुकोश हे झालं ठिबक.

ठिबक बिघडतं ते आजार: सीओपीडी, दमा, क्षयरोगानंतर फुफ्फुसात राहिलेले व्रण, फायब्रोसिस. सीओपीडी फक्त विडी-सिगारेटवाल्यांना होतो असं नाही. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जाळून वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बायकांनाही तो होतो.

मोटर बिघडते ते आजार: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (हा मुख्यतः मुलग्यांना होतो), एएलएस, मायस्थेनिया ग्रेव्हिस, गुलेन बॅरे सिंड्रोम म्हणजे जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. त्यांचा मूळ बिघाड फुफ्फुसात नव्हता, नसांमध्ये होता. मण्यार चावल्यावर श्वास थांबतो तोही असाच, विषामुळे स्नायूंना हुकूम पोहोचत नाही म्हणून.

ऑक्सिमीटर काय सांगत नाही?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज देतो. पण श्वासाची कामं दोन आहेत: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. दुसऱ्या कामाबद्दल ऑक्सिमीटर काहीच सांगत नाही. मोटर कमजोर असलेल्या माणसाला नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा ९७ दिसेल, घरचे निश्चिंत होतील, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन माणूस गुंगीत जाईल. तो मोजायला धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी करतात.

हा धोका १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये ठळकपणे समोर आला. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ऑक्सिजन देऊनही दगावत होते. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की कार्बन डायऑक्साइड साठतोय. त्यांनी श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत हवा द्यायला लावली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यू खूप कमी झाले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात.

दोन मशीन, दोन कामं

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनमधले झिओलाइटचे खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून नळीतून ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन येतो. हवा आत ढकलण्याचं काम हे मशीन करत नाही. सीओपीडीतही "जास्त दिला तर जास्त बरं" हे चालत नाही. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे, त्यांची पातळी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. आणि हे मशीन चुलीजवळ, दिव्याजवळ किंवा विडी ओढणाऱ्याजवळ कधीच लावू नका.

बायपॅप: हे मशीन स्वतः ऑक्सिजन तयार करत नाही. मास्कमधून साधीच हवा दोन दाबांनी देतं: श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. म्हणजे थकलेल्या मोटरला जोड मोटर. दाब किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवतात. सीपॅप दिसायला तसंच असलं तरी एकच दाब देतं. ते मुख्यतः झोपेत घसा बंद पडणाऱ्यांसाठी असतं, स्नायूंच्या कमजोरीत ते पुरत नाही.

लाइट गेली तर?

हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. हाती १,२०० धरा. ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातं, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. बायपॅप हीटरशिवाय ५० वॉटच्या आसपास चालतं, म्हणजे रात्र सहज निघते. बॅटरी जुनी असेल तर वेळ आणखी कमी धरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. कॉन्सन्ट्रेटरवर अवलंबून असलेल्या घरात भरलेला सिलिंडर राखीव हवाच.

मोटर थकल्याची लक्षणं

- सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं
- रात्री सारखी जाग येणं, आडवं झोपल्यावर दम लागणं
- खोकल्यात जोर नसणं, बोलताना वाक्य तुटणं

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. खोल श्वास घ्या आणि एका दमात सेकंदाला साधारण दोन या वेगाने आकडे मोजा. निरोगी मोठा माणूस ४० च्या आसपास जातो. स्नायूंचा आजार असलेला माणूस २० च्या आत अडकू लागला तर थांबू नका, ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरीही. ही तपासणीची जागा घेत नाही, फक्त वेळेवर निघायला सांगते.

आमच्या भागातून छातीरोगतज्ज्ञ आणि एबीजीसाठी बहुतेकांना जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणून निघायला उशीर नको. हातपायांतली ताकद एकाएकी कमी होत असेल किंवा साप चावला असेल तर १०८ ला फोन करा आणि श्वास कमी पडतोय हे पहिल्याच वाक्यात सांगा. सापाच्या विषावरचं औषध काम करेपर्यंत अँबू बॅग दाबत राहूनही जीव वाचवता येतो.

मशीन घेण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "बिघाड मोटरीत आहे, ठिबकात आहे, की दोन्हीकडे?" कुठलं मशीन घ्यायचं ते त्या उत्तरावरच ठरतं.