गळलेलं पीस

आमच्या पांढुर्ण्याला दर उन्हाळ्यात चारोळी घेऊन येणारी एक गोंड बाई आहे. मागच्या वर्षी तिच्या गाठोड्यातून एक पीस खाली पडलं. बोटाएवढं लांब, करड्या-काळ्या रंगाचं, आणि टोकाशी पिवळसर ठिपका. ठिपका असा चकाकत होता, की मेणबत्तीचा थेंब सांडून वाळला असावा. नखानं खरवडून पाहिलं, निघेना. पिसाच्या काड्याच तिथे एकत्र होऊन मेणासारख्या चपट्या झालेल्या.

"कोणाचं गं?"

"रानकोंबड्याचं."

माझा चेहरा पाहून तिनं लगेच सांगितलं, "मारला नाही वो बाई. तो सवताच टाकते."

ती गेली, पण तिचं वाक्य मागे राहिलं. मग मी या पक्ष्याविषयी मिळेल ते वाचत गेले.

हा राखी रानकोंबडा. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनेरात याच्या नावावरून शास्त्रज्ञ त्याला गॅलस सोनेरातिआय म्हणतात. भारताबाहेर तो रानात कुठेच नाही. नर शेपटीसकट ७० ते ८० सेंटिमीटर. अंग राखाडी, शेपटी जांभळट काळी आणि विळ्यासारखी वळलेली, डोक्यावर लाल तुरा. मानेवर मात्र त्या मेणाच्या थेंबांची झालरच. कोंबडी साधी, तपकिरी. छातीवर पांढऱ्या खवल्यांना काळ्या कडा. अंडी उबवताना पाचोळ्यात ती दिसतच नाही, आणि तेच तिचं रक्षण. जमिनीवर थोडं उकरून ती साधारण ४ ते ७ अंडी घालते आणि २१ दिवस एकटीच बसते. खाणं म्हणजे बिया, बोरं, वाळवी. बांबूला बी आलं की रानातले कोंबडे तिथे जमतात.

याचा चुलतभाऊ लाल रानकोंबडा. आपल्या गावठी कोंबड्या मुख्यतः त्याच्या वंशातल्या. पण त्यांच्या कातडीचा पिवळेपणा राखी कोंबड्याकडून आला, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. लाल कोंबडा पूर्वेकडच्या सालवनातला, राखी दक्षिण-पश्चिमेचा. दोघांची शीव आपल्याच सातपुड्यात लागते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज वनाधिकाऱ्याचं मध्य भारताच्या डोंगरांवरचं पुस्तक १८७१ साली निघालं. पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात सालवनाचा एक सुटा तुकडा आहे, आणि तिथे बारशिंगाही आहे नि लाल रानकोंबडाही, हे त्यानं टिपून ठेवलं. झाड बदललं की पक्षी बदलतो.

आपल्याला शिवेचं काय नवल! १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. माझं माहेर सौंसर, मावशी नागपूरची. एका रात्रीत मावशी परराज्यातली झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे आणखी एक रेघ. कोंबड्याची रेघ मात्र झाडांनी आखलेली, म्हणून टिकली.

टिकली नाही ती त्याची मान. इंग्लंडात सामन मासे पकडण्यासाठी गळावर नकली माशी बांधतात. तिच्यावर हा मेणाचा थेंब लावला की माशाला तो डोळा वाटतो. त्यासाठी आपल्या रानातल्या कोंबड्यांच्या मानेची कातडी पिसांसकट बोटींनी जात होती. एका जिवाला फसवून मारण्यासाठी दुसऱ्या जिवाचा दागिना!

त्याच काळात तिकडच्या बायकांच्या टोप्यांवर जगभरच्या पक्ष्यांची पिसं, कधी कधी अख्खे पक्षी, मिरवत होते. आणि त्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही बायकाच. १८८९ साली मँचेस्टरजवळ डिड्सबरीला एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरात बायका जमवून पक्षी-रक्षणाची संस्था काढली. पिसं घालणार नाही, असा सभासदांचा नेम. शहामृग आणि खाण्यासाठी मारलेले पक्षी यांची त्यात सूट होती. आपल्याला ती सूट खटकेल. पण स्वतःच्या डोक्यावरचं उतरवून त्यांनी सुरुवात केली, हे विसरू नये. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली, १९२१ मध्ये ब्रिटननं ती आत आणायला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानकोंबड्याला इथेही आसरा दिला.

आणि त्या बाईचं म्हणणं? ते खरंच आहे. विणीचा हंगाम सरला की पावसाळ्यात नर मानेची सगळी झालर टाकतो. काही महिने आखूड काळपट पिसांवर काढतो, मग पुन्हा नवी झालर येते. जे तो दरवर्षी आपणहून टाकत होता, त्यासाठी माणसाला थांबवलं नाही.

आपल्याकडे थांबण्याची रीत आहे. दिगंबर मुनींच्या हातची पिच्छी मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांची. चातुर्मास संपल्यावर पिच्छी-परिवर्तन होतं, तेव्हा जुनी पिच्छी संयमाचा नेम घेणाऱ्या श्रावकाला मिळते. लहानपणापासून मी तो सोहळा पाहत आले. पण "मारला का?" असं मनातल्या मनात मी त्या गोंड बाईला विचारलं, तेव्हा माझ्या पेटीत काय होतं? लग्नातला रेशमी शालू. कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आतला जीव आतच मरतो, तेव्हा तो अखंड धागा निघतो. हे मला ठाऊक होतं. तरी तो नेसून मी मंदिरात गेले आहे.

या वर्षी ती बाई आली तेव्हा पीस तिला परत दिलं, सापडलं तिथेच टाक म्हटलं. ती हसली. शालू पेटीतच आहे. टाकून दिला म्हणून त्यातले जीव काही परतणार नाहीत. दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे. मी सुती नेसणार, असं जाऊबाईंना सांगून टाकलंय. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.