माळावरचे करवान

साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीजवळ एका कुत्र्याचीही समाधी आहे. त्याचे नाव खंड्या. शिकारीच्या वेळी त्याने भुंकून वाघाची चाहूल दिली, महाराजांचा जीव वाचला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. एका कुत्र्याची आठवण अशी दगडात राहिली. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या दुष्काळी माळावर पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला गेलेल्या करवानांचा इतिहास मात्र त्यांच्या शरीरावरच वाचावा लागतो.

लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय. खांद्याशी उंची दोन फुटांहून थोडी अधिक. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. झाडी विरळ, दृष्टी दूरवर पोचणारी आणि ससा डोळ्यांदेखत पळणारा. अशा मुलखाला हीच घडण उपयोगी. अरबस्तानातील सलुकीची ठेवणही अशीच आहे. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, आले म्हणून हे 'कारवान', अशी समजूत आहे. कानांवर व शेपटीवर लांब केस असणाऱ्याला 'पश्मी' म्हणतात. फारसीत 'पश्म' म्हणजे लोकर.

दुसरे नाव संस्थानातून आले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहांना तिची जोडी भेट दिली, असे सांगतात. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद 'कारवान हाउंड' म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. २००५ साली टपाल तिकिटावर आले ते मुधोळचेच नाव. धन्याच्या भाकरीतला तुकडा आणि ताक यांवर ही जात जगवणारी गावोगावची घरे दोन्ही नोंदींच्या बाहेर राहिली.

त्या घरांचे ज्ञान स्वभावापासून सुरू होते. करवान धन्याशी एकनिष्ठ, पण परक्याचा हात अंगाला लागू देत नाही. त्याला मारून शिकवता येत नाही, तो बुजतो. अंगावर चरबी कमी, केस आखूड, म्हणून थंडीत खाली पोते हवे. खाल्ल्याबरोबर किंवा भर उन्हात त्याला पळवू नये. अशा सडपातळ जातींना भुलीची काही औषधे बाधतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना जात सांगावी. रोजची मोकळी धाव चुकली, दिवसभर साखळीच राहिली, तर तो चिडखोर होतो.

खरा पेच इथेच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आणली; सशामागे कुत्रा सोडणे हाही आता गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण ज्या कामासाठी ही जात घडली, ते काम संपले. २०१६ साली सैन्याने मुधोळची पिल्ले मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. म्हणजे या नजरेला आणि पायांना दुसरे काम देता येते. केवळ दिखाऊपणासाठी पैदास झाली, तर उंची आणि रंग राहतील, दम आणि नजर जाईल. माणदेशातल्या पाळणाऱ्याला वंशावळीची नोंद, लसीकरण आणि शिकारीविना धावायला कुंपणाची जागा मिळाली, तर करवान करवानच राहील.