ग्राहक संरक्षण कायदा व मिळकतीचे व्यवहार (शनिवार पेठ, पुणे)

सदनिका विकत घेताना किंवा जुना वाडा विकसनासाठी देताना बिल्डरच्या सेवेत उणीव राहिली, तर ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची कायदेशीर व्यवस्था. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्यानंतर बारा वर्षांनी म्हणजे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला. मूळ अधिनियमात घरबांधणीचा उल्लेख नव्हता. १९९३ च्या दुरुस्तीने तिचा ‘सेवा’ या संज्ञेत समावेश झाला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने ही तरतूद कायम ठेवली. नुसत्या जमिनीची विक्री मात्र सेवा ठरत नाही. नफ्यासाठी पुनर्विक्री करण्याच्या हेतूने गाळे घेणाराही ग्राहक ठरत नाही.

स्थावर संपदा अधिनियमानुसार (रेरा) ५०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पेठेतील अरुंद, खोलवर गेलेल्या मिळकतींवर उभ्या राहणाऱ्या अनेक इमारती या मर्यादेत बसतात, आणि अशा प्रकल्पांना रेराची इतर कलमे कितपत लागू होतात याविषयी मतभेद असल्याने तेथे ग्राहक आयोगाचे महत्त्व अधिक आहे. नोंदणीकृत प्रकल्पातही दोन्ही मार्ग खुले असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात (२०२०) स्पष्ट केले.

वाड्याचा मालक हा ग्राहक की बिल्डरचा भागीदार, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. मालक जागा देतो, बिल्डर स्वखर्चाने इमारत बांधतो आणि मोबदल्यात काही मजले स्वतःकडे ठेवून विकतो, असा विकसन करारनामा सर्रास केला जातो व त्यासोबत कुलमुखत्यारपत्रही घेतले जाते. फकीरचंद गुलाटी प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकाला ग्राहक मानले. करारनाम्यात ‘संयुक्त उपक्रम’ असे शब्द घातले तरी बांधकामावरील नियंत्रणात आणि नफातोट्यात मालकाचा वाटा नसेल, तर त्या शब्दांनी त्याचा हक्क जात नाही. करारनामा वाचताना पुढच्या पिढीच्या वारसांचे लक्ष सहसा चटई क्षेत्रावरच खिळते, वस्तुतः महत्त्वाचे असते ते नियंत्रण व नफातोट्याविषयीचे कलम.

शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मी. पर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मी. पट्ट्यात पूर्वपरवानगी लागते. हे निर्बंध करारापूर्वीच ज्ञात असल्याने, ताब्याच्या विलंबासाठी नंतर त्यांचीच सबब पुढे करणे सयुक्तिक ठरत नाही.

भोगवटापत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेला या दाखल्याअभावी मालमत्ता कर २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. दाखला न मिळवणे ही सेवेतील उणीव असून हा दोष रोजच्या रोज चालू राहणारा असल्याने दोन वर्षांच्या मुदतीची अडचण येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी दिला.

भाडेकरू : वाड्यातील घरमालक-भाडेकरू वाद मात्र ग्राहक आयोगापुढे नव्हे, तर लघुवाद न्यायालयात चालतात.

अधिकारिता : तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग व त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. वाड्याच्या जागेच्या रूपाने दिलेला मोबदला कसा मोजावा, याचा खुलासा अधिनियमात नाही.

अंमलबजावणी : १९८६ च्या अधिनियमातील २००३ पासूनच्या शब्दरचनेमुळे आयोगांचे अंतिम आदेश राबवण्यात अडथळा येत होता. पुण्यातील पाम ग्रोव्ह्ज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ‘अंतरिम आदेश’ या जागी ‘कोणताही आदेश’ असे वाचावे, असे ठरवून २००३ ते २०२० या काळातील आदेशांची अंमलबजावणी मोकळी केली.