बिबीच्या मकबऱ्याचा स्थपति अताउल्ला

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथील बिबीच्या मकबऱ्यास ताजमहालाची उणी नक्कल म्हणण्याचा प्रघात आहे. या एका शब्दानें त्याच्या कर्त्याचाही निकाल लागतो. म्हणून त्या कर्त्याच्या चरित्राचीं साधनें आम्ही येथें एकत्र मांडतों.

पहिलें साधन मुख्य दरवाजावरील लेख. त्यांत अताउल्ला हा स्थपति व हंसपतराय हा अभियंता असा उल्लेख आहे. दुसरें, अताउल्लाचा धाकटा भाऊ लुत्फुल्ला याचें फारसी काव्य. पिता उस्ताद अहमद लाहोरी यानें ताजमहाल व दिल्लीचा किल्ला बांधल्याचें तो सांगतो. तिसरें साधन हस्तलिखित ग्रंथ. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें फारसी भाषांतर याच अहमदपुत्र अताउल्लानें इ. स. १६३४-३५ त करून शाहजहानास अर्पिलें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. त्या डोंगराच्या अलीकडील मुलखांतच हा भाषांतरकार पुढें बांधकामास आला.

बेगम दिलरस बानू १६५७ त निवर्तली. इमारत १६६०-६१ त पुरी झाली. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यांत खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिला आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यास व घुमटास वापरला. मधला भाग काळ्या दगडाचा, वर गिलावा. तेव्हां उणीव द्रव्याची, विद्येची नव्हे, असें आमचें मत आहे.

फारसी बीजगणिताच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांतील प्रस्तावना व समाप्तिलेख अवश्य तपासावे.