आल्ब्रेख्त ड्यूरर याचीं दुःखसहनाचीं ताम्रचित्रें

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षीं घरांच्या आशीर्वादासाठीं आम्ही फिरत असतां एका वृद्ध मातेनें भिंतीवरील चौकट काढून आमच्या हातीं दिली. कांच तडकलेली, कागद पिवळा पडलेला, व त्यावर क्रूसावरील आपल्या प्रभूचें छापील चित्र. "फादर, मुलगा म्हणतो हें काढून टाकूं आणि विजेच्या दिव्याचें नवें आणूं. हा नुसता कागदच ना?" असें तिनें विचारलें. तिचें समाधान होईल असें उत्तर त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं. हा लेख त्या प्रश्नासाठीं लिहीत आहों.

पंधराव्या शतकापूर्वीं युरोपांतील सामान्य ख्रिस्ती माणसाच्या घरीं पवित्र चित्र क्वचितच असे. चित्र पाहावयाचें तर देवळांत जावें. वेदीवरील सोनेरी मुलाम्याचीं चित्रें सरदार व धनिक व्यापारी यांच्या द्रव्यानें होत. पुढें कागद स्वस्त झाला, लांकडी ठोकळ्यावरून ठसे काढण्याची कला आली, व यात्रेकरूंच्या हातीं संतांचीं लहान चित्रें पडूं लागलीं. पण तीं बहुधा ओबडधोबड असत. त्या कागदाला थोर कलेचा मान ज्यांनीं मिळवून दिला, त्यांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग नगराचा आल्ब्रेख्त ड्यूरर हा अग्रगण्य होय.

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजीं झाला. बाप सोनार, हंगेरींतून येऊन न्यूरेंबर्गास स्थायिक झालेला. स्नानसंस्काराच्या वेळचा धर्मपिता आंतोन कोबर्गर हा त्या काळचा मोठा मुद्रक. सोनाराची कोरणी आणि मुद्रकाचा छापखाना यांची सांगड जणूं पाळण्यापाशींच पडली होती. बापाच्या हाताखालीं सोनारकाम शिकून १४८६ मध्यें तो मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीस राहिला. पुढें ताम्रकोरणींतील श्रेष्ठ कारागीर मार्टिन शोनगाउअर यांस भेटावयास तो कोल्मार नगरीं गेला, तों ते आदल्याच वर्षीं निवर्तले होते. १४९८ मध्यें त्यानें योहानाच्या प्रकटीकरणावरील पंधरा काष्ठचित्रांचें पुस्तक काढलें आणि त्याचें नांव सर्वत्र झालें. हीं चित्रें बाजारांत व जत्रेंत बसून त्याची आई व पत्नी आग्नेस विकीत असत. डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणाऱ्या आपल्या मातांनीं हें ध्यानांत ठेवावें.

काष्ठचित्रांत ठोकळ्याचा नको असलेला भाग कापून टाकितात व उरलेल्या उंच रेघा छापतात. ताम्रचित्राची रीत अगदीं उलट. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनें रेघ खोदावयाची, त्या चरांत शाई भरावयाची, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करावयाचा, आणि त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढावयाचा. म्हणजे चरांतली शाई कागद उचलून घेतो. चित्रांत जें उजवीकडे यावें तें पत्र्यावर डावीकडे कोरावें लागतें, आणि चुकलेली रेघ पुसणें महाकठीण.

अशा पत्र्यांवर १५०७ पासून १५१३ पर्यंत ड्यूररनें प्रभूच्या दुःखसहनाची सोळा चित्रांची मालिका कोरली. प्रत्येक चित्र सुमारें साडेचार इंच उंच व तीन इंच रुंद, म्हणजे तळहाताएवढें. याच विषयावरील त्याचीं ३७ काष्ठचित्रें १५११ सालीं लॅटिन पद्यांसह पुस्तकरूपानें निघालीं. ताम्रमालिकेस मात्र एक शब्दही जोडलेला नाहीं. देवळाच्या भिंतीसाठीं हें काम नव्हे. हातीं धरून, दिव्याजवळ नेऊन, एकट्यानें पाहण्यासाठीं तें आहे. गेथसेमनी बागेंतील रात्र पाहावी: प्रभूनें दोन्ही हात वर उचलले आहेत, शिष्य झोंपले आहेत, आणि सारा काळोख केवळ बारीक रेघांनीं दाटला आहे. अशा चित्रांच्या चोरट्या नकला होत, हें सांगावयास नकोच. मरियेच्या चरित्रावरील काष्ठचित्रांच्या अखेरीस त्यानें सम्राट माक्सिमिलियन यांच्या आज्ञेचा धाक घालून नकलकारांस खडसावलें आहे.

ही मालिका पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १७ मे १५१४ रोजीं, त्याची आई बार्बारा वारली. तिला अठरा मुलें झालीं व बहुतेक तिच्यादेखत गेलीं. आई वारंवार देवळांत जाई, आणि आपलें वर्तन चुकलें म्हणजे आपणांस बोलल्यावांचून राहत नसे, असें मुलानें लिहून ठेविलें आहे. अभ्यासिकेंत लिहीत बसलेल्या संत जेरोमचें त्याचें प्रसिद्ध ताम्रचित्र त्याच वर्षाचें. त्यांतील खिडकीचा शांत उजेड पाहतांना त्या घरांतील दुःख आम्हांस नेहमीं आठवतें.

एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १५२१ मध्यें ड्यूरर नेदरलंडांत प्रवासांत असतां लूथर यांस कोणी पकडून नेल्याची वार्ता त्याच्या कानीं आली. रोजनिशींतील त्या वेळचा विलाप वाचला म्हणजे त्याच्या मनाचा कल कोणीकडे होता याविषयीं संशय उरत नाहीं. १५२५ मध्यें न्यूरेंबर्गानें नवा पंथ स्वीकारला. तेथेंच ६ एप्रिल १५२८ रोजीं ड्यूरर निवर्तला. सेमिनरींत असतां आमच्या एका सोबत्यानें विचारलें होतें, "मग त्याच्या चित्रापुढें कॅथलिकानें प्रार्थना करावी कीं नाहीं?" तेव्हां आम्ही निरुत्तर झालों. आतां वाटतें कीं, त्या रोजनिशीचीं दुसरीं पानें आम्हीं त्यास दाखवावयास हवीं होतीं. कोणास ताम्रदुःखसहनाचा संच भेट दिला, कोणास विकला, अशा साध्या नोंदी तींत आहेत. तीं चित्रें वादाच्या दोन्ही बाजूंच्या घरांत गेलीं, आणि क्रूसाखालीं उभ्या असलेल्या मरियेचें दुःख कोणत्याच घरास परकें नव्हतें.

तीं याहूनही दूर गेलीं. १५८० मध्यें गोव्याहून रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रीक हे येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाकडे गेले, तेव्हां अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी पवित्र शास्त्र त्यांनीं नजर केलें. बादशहानें त्याचे खंड चुंबून मस्तकीं लाविले. याच आक्वाविवांस पुढें १५८३ मध्यें साष्टींतील कुंकळ्ळी येथें रक्तसाक्षीचें मरण आलें. धर्मगुरू व व्यापारी यांच्याबरोबर युरोपांतील छापील चित्रें मोगल दरबारीं पोहोंचत गेलीं, आणि तेथील चित्रकार तीं पुढें ठेवून हात घोटूं लागले. शाहजादा सलीम याच्या पदरीं असलेल्या अबुल हसन या मुलानें वयाच्या तेराव्या वर्षीं, १६०० च्या सुमारास, ड्यूररच्या १५११ सालच्या क्रूसारोहणाच्या ताम्रचित्रांतून एकच आकृति उचलून रेखाटली. ती आहे संत योहानाची: हात घट्ट गुंफलेले, मुद्रा व्याकूळ. तें रेखाटन आज ऑक्सफर्ड येथील अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत आहे. त्या मुलाची उपासना निराळी होती. परंतु पाहणें किती एकाग्र होतें, हें त्या गुंफलेल्या बोटांवरून कळतें.

आमच्या त्या मातेच्या मुलाचें म्हणणें खोटें नव्हे. चित्र कागदाचेंच आहे. दुसऱ्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां त्यानें स्वतःच तडकलेली कांच बदलून घेतली होती, आणि विजेचें चित्र शेजारीं लाविलें होतें. आम्हीं त्यास ड्यूररच्या मालिकेंतील सोळाव्या चित्राची गोष्ट सांगितली. दुःखसहनाची मालिका थडग्यापाशीं संपावी किंवा पुनरुत्थानापाशीं, अशी आपली अपेक्षा असते. ड्यूररनें त्यापुढें आणखी एक पत्रा कोरला आहे, १५१३ सालीं. त्यांत प्रभु दिसत नाहींत. मंदिराच्या दाराशीं जन्माचा लंगडा भिकारी बसला आहे, आणि त्याच्यापुढें पेत्र व योहान येऊन उभे राहिले आहेत.