लालबागहून विमानतळ किती लांब?

आपल्या बऱ्हाणपूरच्या कितीतरी मराठी घरांत आता आई-वडील दोघंच असतात. मुलं पुणे-हैदराबादला. रात्री-अपरात्री फोन आला तर लेक किती तासांत दारात उभी राहील, हा प्रश्न प्रत्येक घरात मनातल्या मनात मोजलेला असतो. म्हणून आज थोडा अंतराचा इतिहास.

बऱ्हाणपूर म्हणजे उत्तरेतून दख्खनेत उतरायचं दार. पण पूर्वी अंतर मोजायचं ते मुक्कामांनी. जून 1631 मध्ये मुमताजमहल इथेच वारली, तापीपलीकडे जैनाबादला तिचं तात्पुरतं दफन झालं. डिसेंबरात पार्थिव आग्र्याला निघालं, ते पोहोचेपर्यंत 1632 चा जानेवारी उजाडला. बादशहाच्या घरची ही गोष्ट! 1681 च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादुरपुरा आणि आसपासचे पुरे लुटले. मोगलांची मदत येईपर्यंत मराठे निघूनही गेले होते. तेव्हाही वेळेवर कोण पोहोचतो यावरच सगळं होतं.

मग आली जी.आय.पी. रेल्वे. 1870 मध्ये मुंबईची लाइन जबलपूरला जोडली गेली आणि आपलं लालबाग स्टेशन थेट मुंबई-कलकत्ता मार्गावर आलं. भुसावळ 54 किलोमीटर, मुंबई साधारण 500. रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर. घरी तार आली की माणसं टांगा करून लालबागला यायची आणि मिळेल त्या गाडीने निघायची. कुणी सुट्टीवरून परत निघालं तर दराब्याचा डबा द्यायलाही सगळं घर स्टेशनवर.

आता विमानाचं बघू. आपल्याला दोन विमानतळ जवळचे, जळगाव आणि इंदूर. दोघांमधलं सरळ रेषेतलं अंतर 200 किलोमीटरच्या आतच. लहान एटीआर विमानाला हवेत अर्ध्या तासाचं काम. आपण मात्र मध्ये जमिनीवर! जळगाव सरळ रेषेत सुमारे 75 किलोमीटर, इंदूर 160 च्या पुढे. रस्त्याने जळगावला दोन-अडीच तास. इंदूरला असीरगड, नर्मदा, सिमरोलचा घाट धरून चार-पाच तास, आणि नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद.

जळगाव विमानतळाचं उद्घाटन मार्च 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. ‘उडान’ योजनेतलं मुंबईचं विमान डिसेंबर 2017 मध्ये आलं, पण मध्येच बंदही पडलं. 2024 मध्ये फ्लाय 91 ने गोवा, हैदराबाद, पुणे जोडलं. पुण्याहून विमान तासा-सव्वातासाचं. पण पुण्यात घरातून निघणं, विमानतळावर आधी पोहोचणं, जळगावला उतरून गाडी करणं हे धरलं तर सहा-सात तास कुठे गेले कळत नाही. त्यातून त्या दिवशी विमानच नसलं तर?

म्हणून तिकिटावरची वेळ खरी नव्हे, दारापासून दारापर्यंतची खरी. विमानाचा दिवस जुळला तर उत्तमच, पण रात्रीची रेल्वेही लक्षात ठेवावी. शेवटच्या दर्शनाला पोहोचलेली कितीतरी माणसं याच लालबाग स्टेशनवर उतरली आहेत. दोन्ही वेळापत्रकं आणि भरवशाच्या गाडीवाल्याचा नंबर घरात भिंतीवर लावून ठेवा, आणि मुलांनाही पाठवा.

तुमच्या आजोबा-पणजोबांच्या प्रवासाची आठवण असेल तर खाली जरूर लिहा.